गिरणीतल्या पणजोबांचा माग: खातं, खोली आणि गाव

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे पणजोबा राजापूरकडून मुंबईत आले आणि परळच्या कुठल्यातरी गिरणीत लागले, एवढंच घरात सांगतात. आजोबाही त्याच गिरणीत होते. ब्याऐंशीच्या संपानंतर ते गावी गेले. पणजोबांचा स्टुडिओत काढलेला एक फोटो आणि नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला आमच्याकडे आहे. कागद काहीच नाहीत. ते कोणी मोठे नव्हते. त्यांचा माग निघेल का? आणि निघालाच, तर नुसती नावांची यादी न होता त्यांची गोष्ट कशी लिहायची?"

माग निघतो. गेली बावीस वर्षं मी गिरणगावातल्या कुटुंबांसाठी हेच काम करते आणि "कागद काहीच नाहीत" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलं आहे. कागद असतात, पण ते तुमच्या पणजोबांची आठवण राहावी म्हणून कोणी केलेले नसतात. कोणाला त्यांच्याकडून भाडं घ्यायचं होतं, कोणाला सारा, कोणाला वर्गणी, कोणाला काम. त्या घेण्याच्या नादात त्यांचं नाव कुठेतरी लिहिलं गेलं. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, की नावामागे धावू नका. त्यांचं गिरणीतलं खातं (विभाग) कोणतं, खोली कुठली आणि गाव कोणतं, हे आधी शोधा. या तिन्हींच्या नोंदी सापडत गेल्या की त्यांत नाव आपोआप दिसायला लागतं.

सुरुवात मुंबईत करू नका, गावात करा. गिरणी कामगार आयुष्यभर मुंबईत राबला तरी सरकारी दप्तरात तो गावचाच राहिला. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणारे दोन लाखांहून जास्त लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्यांतल्या बहुतेकांची बायको-मुलं, जमिनीचा तुकडा आणि देव्हारा गावीच होता. सातबारा तर आता फोनवरही दिसतो, पण तुम्हाला हवेत ते त्याच्या मागचे फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात एक आकडा असतो, तो फेरफाराचा क्रमांक. तो घेऊन तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जा आणि कोर्ट फी स्टॅम्प लावून नक्कलेचा अर्ज करा. वारस नोंदीच्या फेरफारात कोण कधी वारलं आणि मागे कोण राहिलं ते लिहिलेलं असतं. एका वारस नोंदीवरून तिच्या आधीची, तिच्यावरून आणखी आधीची, असं मागे जाता येतं.

या नोंदी वाचताना आखूड अक्षरांवरून नजर घसरू देऊ नका. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. भाऊ चार असले तरी नाव एकाचंच लागतं, आणि मुंबईला गेलेला भाऊ त्या तीन अक्षरांच्या आड दडून राहतो. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन करणारा, सज्ञान न झालेल्या वारसाचा पालक, आणि त्यापुढे बहुतेक वेळा आईचं नाव असतं. बाप गेला तेव्हा मुलं लहान होती आणि घर बाईने धरून ठेवलं, हे मला किती घरांत केवळ या अक्षरांवरून कळलं आहे. थोरला मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षी शाळा सोडून मुंबईला का गेला, याचं उत्तर घरातल्या कोणाला माहीत नसतं. ते तलाठ्याच्या अक्षरात पडून असतं.

कोकणातल्या कष्टकरी घरांत आणखी एक अडचण येते. जमीन खोताची (गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची) आणि घरचे लोक त्याचे कूळ, अशी स्थिती असेल तर मालकाच्या रकान्यात तुमचं नाव जुन्या काळात सापडणारच नाही. खोती नाहीशी करणारा कायदा १९४९ चा आणि कूळकायदा १९४८ चा. त्यानंतर, म्हणजे पन्नासच्या दशकात, कुळांची नावं मालक म्हणून वर येऊ लागली. तेव्हा १९५० च्या आधी नाव नाही म्हणून हताश होऊ नका. पीकपाहणीतला कुळाचा रकाना बघा. महार कुटुंबांच्या बाबतीत वतनाच्या, म्हणजे गावकामाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीच्या, नोंदींत हिस्सेदारांची नावं पिढीवार मिळू शकतात. कनिष्ठ गावकामगार वतनं नाहीशी करणारा कायदा १९५८ चा आहे, त्यामुळे त्या सुमाराला केलेल्या चौकशीचे कागद फार उपयोगी पडतात.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना नंबर १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. जुनी पानं मोडीत असतात. घाबरायचं कारण नाही, पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, आणि नावं-तारखा वाचण्यापुरती मोडी महिन्या-दोन महिन्यांत हाताशी येते. मी माझी मोडी अशीच शिकले.

मुली या सगळ्यात कुठे दिसतात? बऱ्याचदा दिसतच नाहीत. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येईपर्यंत मुलगे असताना मुलीला वारस धरत नसत, म्हणून त्याआधीच्या वारस नोंदीत फक्त मुलगे आणि विधवा. पणजोबांना बहिणी होत्या का, हे कागद सांगणार नाही. त्यासाठी लग्नातल्या मानपानाच्या आठवणी, माहेरच्या भावबीजेला कोण यायचं, गावात 'आतेघर' कोणतं, हे विचारावं लागतं.

गाव शोधतानाच जिल्ह्यांच्या हद्दी तपासून घ्या. आज सिंधुदुर्गात असलेली मालवण-कणकवलीकडची गावं १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होती. सावंतवाडी आणि कोल्हापूर ही संस्थानं होती, त्यांचं जुनं दप्तर इंग्रज मुलखाच्या दप्तरात मिळत नाही. आजच्या सांगलीला १९४९ ते १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणत. 'सातारकडचे' एवढ्यावर वर्षभर चुकीच्या कचेरीत फेऱ्या मारलेलं एक कुटुंब मला माहीत आहे. देशावरची माणसं असतील, विशेषतः कोल्हापूर-सांगली-साताऱ्याची, तर हेळवी तुमच्या भावकीकडे येत होता का ते विचारा. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सांगणारी ती माणसं शिकल्या-सवरलेल्या घरांपुरती नव्हती, शेतकऱ्या-कारागिरांच्या घरीही ती जात.

आता नावाबद्दल. मुंबईच्या जुन्या नोंदींत अनेकदा फक्त नाव आणि बापाचं नाव असतं, आडनाव नसतंच. काहींना आडनाव मुंबईतच चिकटलं, कारकुनाने गाव विचारलं आणि पुढे 'कर' लावला. एकाच घरातले दोन भाऊ दोन आडनावांनी मेले, असंही मी पाहिलं आहे. त्यात बदलीची भर. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी बदली लागायचा, आणि दुसऱ्याच्या नावावर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं होती. वयाचंही तसंच. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असेल तर ती मास्तरांनी घातलेली समजा. १९२२ च्या कारखाना कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलाला कामावर घेता येत नव्हतं आणि बारा ते पंधराच्या मुलाला दिवसाला सहा तासच काम देता येत होतं. गरजेपोटी किती घरांनी मुलाचं वय वाढवून सांगितलं असेल याचा विचार करा. दोन कागदांवर दोन वयं दिसली तर गोंधळून जाऊ नका, दोन्ही लिहून ठेवा. त्या फरकातही घराची गरज दिसते.

तारखा माणसांच्या तोंडून येतात तेव्हा त्या साथी आणि अपघातांच्या भाषेत येतात. 'प्लेगच्या साली' म्हणजे मुंबईपुरतं १८९६-९७. 'मानमोडीच्या तापात गेली' म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. 'गोदीत स्फोट झाला तेव्हा' म्हणजे १४ एप्रिल १९४४. 'रामदास बोट बुडाली त्या पावसाळ्यात' म्हणजे जुलै १९४७. कोणी 'तुझा आजा भूकंपाच्या आदल्या वर्षी रिटायर झाला' म्हणालं तर कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, त्यावरून १९६६ धरा. आणि राजापूरहून आलेले पणजोबा 'रेल्वेने आले' असं कोणी सांगितलं तर तिथे थांबा. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. राजापूरचा माणूस त्या काळी मुसाकाझीला किंवा विजयदुर्गला उतरून पडावात, म्हणजे होडीत, बसायचा, पडाव खोल पाण्यात उभ्या असलेल्या बोटीला लागायचा आणि बोट भाऊच्या धक्क्याला. पावसाळ्यात ती वाट बंद. ही एवढी माहिती तुमच्या गोष्टीला किती उपयोगी पडते ते पुढे सांगते.

मुंबईतली खोली. तुमचे पणजोबा एकटे आले असतील तर त्यांची खोली त्यांची नव्हतीच, ती गावाची होती. गावकीने भाड्याने घेतलेल्या गाळ्यात पंधरा-वीस माणसं राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिथेच अंग टाकी. सामान म्हणजे खुंटीवर टांगलेली पिशवी आणि एक ट्रंक. जेवण खानावळवाल्या बाईकडे. या गावकी मंडळांच्या वर्गणीच्या वह्या हा मला सापडलेला सर्वांत मोलाचा ऐवज आहे. 'अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई' अशा नावाने मंडळं आजही चालू आहेत. त्यांच्या जुन्या सेक्रेटरीच्या घरी, पोटमाळ्यावर, लाल कापडात बांधलेल्या वह्या असतात. कोणी कोणत्या महिन्यात वर्गणी दिली, कोण गावी गेलं, कोणाच्या तेराव्याला मंडळाने किती मदत केली, हे सगळं त्यांत असतं. राजापूर तालुक्यातलं नेमकं गाव कळलं की पहिला फोन त्या गावच्या मुंबई मंडळाला करा.

पुढे कुटुंब मुंबईत आलं असेल तर भाडेपावत्या, १९४३ पासूनची रेशन कार्डं, महापालिकेच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी १९२० च्या दशकात बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, एका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली एकशे साठ चौरस फुटांची. तिथली खोली बापाकडून मुलाच्या नावावर करताना वारसांचे कागद द्यावे लागत, म्हणून त्या फाईलमध्ये अख्खं कुटुंब सापडू शकतं. गणेशोत्सव मंडळांचे जुने अहवालही बघा. त्यांत वर्गणीदारांची नावं कित्येकदा चाळ आणि खोली क्रमांकासह छापलेली असतात. आमच्याकडे आलेल्या एका मुलीला तिच्या आजीचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापील दिसलं ते अशा अहवालात, एक रुपया वर्गणीपुढे. आजोबांच्या नावाने नाही, आजीच्या स्वतःच्या नावाने. ती बाई वाइंडिंगमध्ये, सूत गुंडाळण्याच्या खात्यात, होती आणि पगार तिचा होता.

गिरणीचे स्वतःचे मस्टर आणि पगारपत्रकं मात्र बहुतेक रद्दीत गेली. गिरण्या विकल्या, पाडल्या, त्यांच्याबरोबर कागदही गेले. याचा मला आजही राग येतो. लाखो माणसांच्या आयुष्याची एवढी बारीक नोंद दुसरीकडे कुठेही नव्हती. तरी वाट पूर्ण बंद नाही. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना म्हाडाच्या घरासाठी अर्ज करता आला, आणि त्यासाठी हजारो कुटुंबांनी फंडाच्या स्लिपा, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, ग्रॅच्युइटीचा कागद, गिरणीचं ओळखपत्र असं सगळं एका फाईलमध्ये गोळा केलं. तुमच्या आजोबांनी किंवा एखाद्या काकांनी तो अर्ज केला असणं अगदी शक्य आहे. ती प्लॅस्टिकची फाईल कोणाच्या कपाटात आहे ते विचारा. तिला घरात कोणी 'कागदपत्रं' म्हणत नसतं, 'घराची फाईल' म्हणतात, म्हणून विचारतानाही तोच शब्द वापरा. पणजोबांसाठी मात्र फंड आणि ईएसआय शोधण्यात वेळ घालवू नका. भविष्यनिर्वाह निधी कापड गिरण्यांना लागू झाला १९५२ मध्ये, त्याआधी नोकरी संपलेल्या माणसाचं नाव तिथे नाही.

मग त्यांच्या काळासाठी काय? सरकारचं लेबर ऑफिस १९२१ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि त्याच वर्षीपासून लेबर गॅझेट निघू लागलं. त्यात दर महिन्याच्या संपांचे तक्ते आहेत. कोणती गिरणी, किती कामगार, कधी सुरू, कधी संपला, कारण काय, निकाल काय. गिरणीचं नाव कळलं की तुमच्या पणजोबांच्या फाटकावर घडलेल्या गोष्टी महिन्यागणिक मिळतात. नावानिशी माणूस त्यात नसेल, पण त्या दिवशी तो फाटकाबाहेर उभा होता हे कळतं. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या १९२९-३१ मधल्या साक्षींत खोल्या, कर्ज, मुकादमाची दस्तुरी (कामासाठी त्याला द्यावे लागणारे पैसे), हे सगळं आहे. यांतले बरेच जुने अहवाल पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले आहेत. काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार हे त्यानंतरचं ठिकाण. तिथे जाताना 'माझे पणजोबा' असा शोध घेऊन जाऊ नका, गिरणी आणि साल घेऊन जा. गिरण्यांची नावं बदलली आहेत हेही लक्षात ठेवा. नंतर इंडिया युनायटेड नंबर एक म्हणून ओळखली गेलेली गिरणी आधी जेकब सासून होती.

खातं कोणतं, यावर मी फार भर देते, कारण खात्यात माणसाची जात, पगार आणि शरीर तिन्ही दिसतात. साचाखात्यात, म्हणजे साच्यांवरच्या (मागांवरच्या) विणाईत, पगार जास्त. पण धोट्यातला (शटलमधला) धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. त्यांना सूतकताईत, म्हणजे त्रासनखात्यात, कमी पगारावर राहावं लागलं. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. तुमचे पणजोबा कोणत्या खात्यात होते आणि का, हे विचारायला कचरू नका, आणि उत्तर अवघड असेल तर ते लिहायलाही कचरू नका. तुमचं घर ज्यांना आत येऊ देत नव्हतं त्यांच्या बाजूचं असेल, तर तेही.

आता माणसांकडे. तुमच्या आजोबांच्या पिढीतलं जे कोणी हयात आहे, विशेषतः बायका, त्यांच्याकडे याच महिन्यात जा. कचेरीतला फेरफार पुढच्या वर्षीही तिथेच असेल. जाताना बिल्ला आणि फोटो घेऊन जा आणि त्यांच्या हातात द्या. "पणजोबा कसे होते?" असं विचारलंत तर "चांगले होते, कष्टाळू होते" एवढंच उत्तर येईल. विचारा की पगार झाल्यावर पैसे कोणाच्या हातात द्यायचे. रातपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला की मुलांना कुठे घालवायचे. मनिऑर्डर आली की कुपनावरचा मजकूर कोण वाचून दाखवायचं. घरी आल्यावर मोठ्याने बोलायचे का? साचेवाल्यांना कमी ऐकू यायचं, मुलांना वाटायचं बाबा सतत रागावलेले आहेत. खोकला कसा होता? कार्डिंग आणि ब्लो-रूममधल्या, म्हणजे कापूस झाडण्या-पिंजण्याच्या खात्यांतल्या, माणसाच्या छातीत कापूस बसायचा. भोंगा कोणता आपला, हे झोपेत कसं कळायचं? असल्या प्रश्नांवर माणसं पहिल्यांदा गप्प होतात आणि मग बोलायला लागतात. फोनवर रेकॉर्ड करा, आधी विचारून. चूक सांगत असतील तरी मध्येच दुरुस्त करू नका.

ब्याऐंशीबद्दल विचारताना जपून. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. त्या संपाची रीतसर अखेर कधी जाहीर झाली नाही. कित्येक घरांत ती अजून झालेली नाही. कोणी मध्येच कामावर गेलं होतं, कोणाच्या बायकोने मंगळसूत्र मोडलं, कोणाचा मुलगा वाईट नादाला लागला. सांगणारा थांबला तर तुम्हीही थांबा. पणजोबांचं मुंबईत दुसरं घर होतं असं निघालं, कर्ज निघालं, दारू निघाली, तर ते छापण्याआधी ज्या जिवंत माणसाला त्याची झळ लागेल त्याला विचारा. तो नको म्हणाला तर ते वहीत राहू द्या. पण खोडू नका.

वंशावळ रक्तानेच चालते, या समजुतीलाही धरून बसू नका. कवी नारायण सुर्वे तान्हे असताना गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांना सापडले, त्यांनी वाढवलं आणि आपलं नाव दिलं. गिरणगावात असं घेतलेलं, सांभाळलेलं पोर अनेक घरांत असायचं. खोलीतला सोबती, गावचा भाऊ, खानावळवाली मावशी ही माणसंही तुमच्या पणजोबांच्या गोष्टीतली आहेत.

लिहिण्याबद्दल एकच पद्धत सांगते, जी मला लागू पडली. तुमच्याकडे दहा पक्क्या गोष्टी असतील तर त्यांच्या मधली जागा कल्पनेने भरू नका, त्या काळाच्या माहितीने भरा, आणि भरलेलं कोणतं आणि सापडलेलं कोणतं हे क्रियापदातून कळू द्या. 'होतं' म्हणजे कागद आहे. 'असावं' म्हणजे माझा तर्क आहे. एका कुटुंबासाठी लिहिलेला परिच्छेद त्यांच्या परवानगीने देते:

"१९२८ च्या एप्रिलमध्ये गिरण्या बंद पडल्या तेव्हा आजोबा चौतीस वर्षांचे असावेत. ते दोन साचे चालवत होते, आता तीन चालवा असा मालकांचा आग्रह होता. संपात त्यांनी काय केलं याची नोंद नाही. मंडळाच्या वहीत मे ते ऑक्टोबर त्यांच्या नावापुढे 'गावी' असं लिहिलं आहे. पावसाळ्यात बोटी बंद होत, म्हणजे मे संपायच्या आत निघालेला माणूस गणपतीच्या सुमारापर्यंत परतू शकत नव्हता. मुंबईला गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच त्यांनी त्या वर्षी लावणीपासून नाचणी कापेपर्यंतचे दिवस आपल्या घरी काढले असावेत. पुढच्या मार्चमध्ये कोतवाल बुकात त्यांच्या धाकट्या मुलीचा जन्म आहे."

यात एकही संवाद नाही, डोळ्यांत पाणी नाही. वर्गणीची वही, बोटींचं वेळापत्रक, सरकारी जन्मनोंद आणि सहा महिन्यांचा संप, एवढंच. त्या धाकट्या मुलीने, ऐंशी पार केल्यावर, हा परिच्छेद दोनदा वाचून घेतला. आपण संपामुळे झालो हे तिला ठाऊक नव्हतं.

तुमच्या घरातल्या जन्मतारखाही अशाच एका कागदावर मांडा आणि शेजारी संपांची सालं लिहा: १९१९, १९२०, १९२४, १९२५, १९२८, १९२९, १९३४, १९४०. ज्याची बायको गावी होती त्या कामगाराच्या घरात मुलांचे जन्म शिमगा-गणपतीच्या रजेशी आणि संपांशी जुळतात, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की आता पहिल्याच दिवशी हे कोष्टक करते. ज्या वर्षी काही जुळत नाही तिथे शोधण्यासारखं काहीतरी असतं.

राहिला बिल्ला. त्यावरचा आकडा तिकीट नंबर आहे, आणि तो माणसापेक्षा जागेचा असे, म्हणून त्या आकड्याने एखादी यादी उघडेल ही आशा ठेवू नका. पण नोकरी सोडताना हिशेब घ्यायचा तर बिल्ला परत द्यावा लागे, असं मला अनेक जुन्या कामगारांनी सांगितलं आहे. तुमचा बिल्ला घरी आहे. तो हरवला असं सांगून पणजोबांनी दंड भरला असेल, कामावर असतानाच ते गेले असतील, किंवा हिशेब न घेताच ते गावी निघून आले असतील. आजोबांच्या पिढीतल्या माणसाकडे गेलात की सगळ्यात आधी तो त्यांच्या तळहातावर ठेवा आणि विचारा, हा परत का नाही दिला?